वैद्यकीय अपात्रता, लष्करी वैमानिक प्रशिक्षणार्थींची

लष्करी विमान चालविण्याचे शिक्षण घेऊ इच्छिणारा उमेदवार किंवा असे शिक्षण घेत असलेला छात्र शारीरिक वा मानसिक कारणामुळे उड्डाणास योग्य नाही, असा अधिकृत वैद्यकीय मंडळाने दिलेला निर्णय. हा निर्णय भरतीपूर्व तपासणीत, प्रशिक्षण चालू असताना अथवा आजार व अपघात यांनंतरच्या फेरतपासणीत दिला जातो. तो तात्पुरता किंवा कायमचा असतो. तसेच तो सर्व लष्करी सेवेला लागू असतो किंवा केवळ उड्डाणापुरता मर्यादित असतो. उड्डाणकौशल्य अपुरे पडल्यामुळे प्रशिक्षणातून वगळले जाणे ही वेगळी बाब असून तिचा निर्णय वैद्य नव्हे, तर उड्डाण-शिक्षक व प्रशिक्षण संस्था घेतात.

वैद्यकीय अपात्रता म्हणजे आजारीपण नव्हे. रुग्णालयात ज्यास निरोगी म्हणून घरी पाठविले जाईल, असा तरुण वैमानिक म्हणून अपात्र ठरू शकतो व पुष्कळदा ठरतो. सामान्य वैद्यकात निरोगी देह पृथ्वीच्या पृष्ठभागावरील नेहमीच्या परिस्थितीत कसा वागतो हे पाहिले जाते; वैमानिकीय वैद्यकात तोच देह विरळ हवा, तीव्र प्रवेग, कंपन, थंडी व आवाज यांच्या सान्निध्यात कसा वागेल याचा अंदाज बांधावा लागतो. हा निर्णय रोगनिदानापेक्षा संभाव्यतेच्या अंदाजावर अधिक आधारलेला असल्यामुळे त्यात चुकीला व मतभेदाला जागा राहते.

तत्त्व : वैद्यकीय मंडळापुढे मुख्यतः चार प्रश्न असतात. (१) उमेदवारास उड्डाण चालू असताना अचानक असमर्थता येण्याचा संभव कितपत आहे? (२) त्याची दृष्टी, श्रवण, समतोल व निर्णयशक्ती नेमून दिलेल्या कामास पुरेशी आहेत काय? (३) उड्डाणातील ताणांमुळे त्याच्यातील एखादा सुप्त दोष वाढीस लागेल काय? (४) पुढील सुमारे वीस वर्षांच्या सेवाकाळात तो सर्व प्रकारच्या विमानांवर व सर्व हवामानांत काम करण्याजोगा राहील काय?

यांपैकी पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. ताशी ९०० किमी. वेगाने जाणारे विमान दर सेकंदास २५० मी. अंतर तोडते. एक-आसनी लढाऊ विमानात दहा सेकंदांची बेशुद्धी आली, तर अडीच किमी. अंतर विमान नियंत्रणाविना जाते. जमिनीलगतच्या उड्डाणात एवढा काळ अपघातास पुरेसा ठरतो. दोन वैमानिक असलेल्या नागरी विमानाच्या बाबतीत एका वैमानिकास वर्षभरात अचानक असमर्थता येण्याचा संभव एक टक्क्याच्या आत असेल, तर तो स्वीकारार्ह मानावा, असा संकेत यूरोपीय हृद्‌रोगतज्ञांच्या विचारविनिमयातून विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाला. शेजारी दुसरा वैमानिक नसलेल्या लष्करी विमानास तो जसाच्या तसा लावता येत नाही.

प्रशिक्षणार्थीस लावली जाणारी मानके अनुभवी वैमानिकापेक्षा कडक असतात. अनुभवी वैमानिकाच्या शिक्षणावर मोठा खर्च झालेला असतो, त्याचे कौशल्य सिद्ध झालेले असते आणि त्याच्या उणिवेला अनुरूप असे विशिष्ट काम त्याला देता येते. प्रशिक्षणार्थीच्या बाबतीत यांपैकी काहीच उपलब्ध नसते. ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडर यांचे दोन्ही पाय १९३१ सालच्या विमान अपघातात गेले, तरी दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी, १९३९ मध्ये, त्यांना पुन्हा वायुसेनेत घेण्यात आले व त्यांनी लढाऊ तुकडीचे नेतृत्व केले. अमेरिकन अंतराळवीर डॉनल्ड (डीक) स्लेटन यांना हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे १९६२ मध्ये उड्डाणापासून दूर ठेवण्यात आले. दहा वर्षांनी ते पुन्हा पात्र ठरले व १९७५ च्या अपोलो-सोयूझ मोहिमेत सहभागी झाले. हेच दोष घेऊन एखादा नवा उमेदवार आला असता, तर त्याला प्रवेशद्वारापाशीच परत पाठविण्यात आले असते.

इतिहास : उंचीवरील विरळ हवेचा धोका विमानाच्या शोधापूर्वीच प्रत्ययास आला होता. १५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ या फ्रेंच वायुयानातून ८,००० मी. हून अधिक उंची गाठणाऱ्या तिघांपैकी क्रोसे-स्पिनेली व सिव्हेल हे दोघे ऑक्सिजनाच्या अभावी मृत्यू पावले आणि तिसंदिए हे एकटे वाचले. पॉल बेअर या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वातावरणीय दाब आणि शरीर यांच्या संबंधाची प्रायोगिक मांडणी केली व वैमानिकीय वैद्यकाचा पाया घातला.

राइट बंधूंच्या १९०३ मधील उड्डाणानंतर दशकभरातच लष्करी वैमानिकांसाठी स्वतंत्र वैद्यकीय कसोट्या आवश्यक वाटू लागल्या. जर्मनीने १९१० मध्ये व अमेरिकेने १९१२ मध्ये अशा कसोट्या ठरविल्या. पहिल्या महायुद्धात प्रशिक्षणातील व इतर अपघातांत झालेली हानी फार मोठी होती. पायदळात वा घोडदळात काम चालविणारा सैनिक विमानातही तसेच काम करील, ही समजूत तिच्यामुळे ढासळली. अमेरिकेत थीओडोर लिस्टर यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये न्यूयॉर्कजवळील मिनिओला येथे वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली व केवळ वैमानिकांची देखभाल करणाऱ्या वैद्यांचा एक वर्ग अस्तित्वात आला. ब्रिटनमध्ये मार्टिन फ्लॅक यांनी पाऱ्याचा स्तंभ श्वासाच्या दाबाने ४० मिमी. उंचीवर किती वेळ धरून ठेवता येतो, यासारख्या सहनशक्तीच्या कसोट्या तयार केल्या.

या काळातील फिरत्या खुर्चीच्या कसोटीची कथा उद्‌बोधक आहे. ऑस्ट्रियन कर्णरोगतज्ञ रॉबर्ट बारानी (नोबेल पारितोषिक, १९१४) यांनी अंतर्कर्णाच्या परीक्षणासाठी ही पद्धत वापरली होती. उमेदवारास खुर्चीत बसवून गोल फिरवावयाचे व खुर्ची थांबल्यावर त्याच्या डोळ्यांची होणारी थरथर किती सेकंद टिकते हे मोजावयाचे, अशी ही कसोटी होय. उत्तम समतोल राखणारा मनुष्यच उत्तम वैमानिक होईल, या कल्पनेने अमेरिकेत तिला निवडीत मोठे स्थान मिळाले आणि ठरीव मर्यादेत न बसणारे उमेदवार नाकारले गेले. तथापि ही प्रतिक्रिया सरावाने मंदावते आणि तिच्यावरून उड्डाणकौशल्याचे भाकीत करता येत नाही, असे पुढे आढळून आले. १९४० मध्ये पेन्साकोला येथे अमेरिकन नौदलाच्या सुमारे एक हजार वैमानिकांवर व छात्रांवर सुरू झालेल्या विस्तृत अभ्यासातही शरीरक्रियेच्या बहुतेक कसोट्या प्रशिक्षणातील यशापयशाचे भाकीत करण्यास फारशा उपयोगी पडल्या नाहीत. यांत्रिक आकलनासारख्या लेखी कसोट्या अधिक उपयुक्त ठरल्या. वैद्यकीय तपासणीचे काम चांगला वैमानिक निवडणे हे नसून धोका असलेली व्यक्ती वेळीच ओळखणे हे आहे, ही आजची भूमिका अशा अनुभवांतून तयार झाली.

अपात्रतेची प्रमुख कारणे : डोळे : अनेक देशांत अपात्रतेच्या कारणांत दृष्टिदोषास अग्रस्थान आहे. लढाऊ विमानाच्या वैमानिकास दूरवरचा ठिपका विमान म्हणून ओळखावा लागतो. शिवाय प्रवेग, घाम आणि शिरस्त्राण यांमुळे चष्मा अडचणीचा ठरतो. ऱ्हस्वदृष्टी (दूरचे अस्पष्ट दिसणे) हा दोष पौगंडावस्थेत व तारुण्याच्या आरंभी वाढत जाणारा असल्यामुळे तो विशेष आक्षेपार्ह मानतात. सतराव्या वर्षी अल्प प्रमाणात असलेला हा दोष बाविसाव्या वर्षी कितपत वाढेल, हे खात्रीने सांगता येत नाही. दोन्ही डोळ्यांचा मेळ नीट नसेल, तर थकव्यात किंवा ऑक्सिजनाच्या कमतरतेत सुप्त तिरळेपणा उघड होऊन विमान उतरविताना अंतराचा अंदाज चुकतो. रंगांधता हा लिंगसंलग्न आनुवंशिक दोष पुरुषांत अधिक आढळतो. अनेकांना तो तपासणीच्या दिवसापर्यंत माहीत नसतो आणि त्यावर उपाय नाही. १९१७ पासून वापरात असलेल्या इशिहारा तक्त्यांनी व रंगीत दिव्यांच्या साहाय्याने तो ओळखतात.

कान, नाक व घसा : सु. ५,५०० मी. उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो व शरीराच्या पोकळ्यांतील वायू त्या प्रमाणात प्रसरण पावतो. वर जाताना मध्यकर्णातील हवा आपोआप बाहेर पडते. खाली येताना मात्र घशाला जोडणाऱ्या नलिकेतून ती पुन्हा आत शिरावी लागते. नलिका सुजलेली असेल, तर कानाचा पडदा आत ओढला जाऊन तीव्र वेदना होतात व प्रसंगी तो फाटतो. कपाळाच्या हाडातील कोटरांतही असाच प्रकार घडतो. साध्या सर्दीत वैमानिकास उड्डाण वर्ज्य असते ते यामुळेच. दीर्घकालीन कर्णस्राव, पडद्याचे छिद्र, नाकातील मोड व जुनाट कोटरशोथ ही अपात्रतेची कारणे होत. नाकाचा वाकलेला पडदा यासारखे शस्त्रक्रियेने बरे होणारे दोष बहुधा तात्पुरत्या अपात्रतेत मोडतात.

हृदय व रक्ताभिसरण : विमान झपाट्याने वळते तेव्हा वैमानिकाच्या देहावर डोक्याकडून पायांकडे गुरुत्वाच्या अनेक पट प्रेरणा कार्य करते. हृदय व डोळे यांच्यात सु. ३० सेंमी. अंतर असल्यामुळे प्रत्येक वाढीव गुरुत्वपटीबरोबर मस्तकाकडील रक्तदाब २० ते २५ मिमी. नी उतरतो. संरक्षण नसल्यास चौपटीच्या सुमारास दृष्टी धूसर होते व पाच ते सहापटीच्या दरम्यान शुद्ध हरपते. आधुनिक लढाऊ विमान तर नऊपटीपर्यंत जाते. दाबपोशाख आणि स्नायू आवळून श्वास रोखण्याचे विशिष्ट तंत्र यांच्या साहाय्याने ही मर्यादा वाढविता येते. परंतु त्यासाठी हृदय निर्दोष असावे लागते. झडपांचे दोष, जन्मजात छिद्रे, ठोक्यांच्या अनियमिततेस कारणीभूत होणारे विद्युत् मार्ग व उच्च रक्तदाब यांचा शोध विद्युत् हृल्लेख व ध्वनिलहरी चित्रण यांच्या साहाय्याने घेतात. या साधनांच्या सूक्ष्मतेमुळे पूर्वी कधीच लक्षात न आलेले किरकोळ फेरफारही आता दिसू लागले आहेत आणि त्यांपैकी धोक्याचे कोणते व निरुपद्रवी कोणते, हे ठरविणे अवघड झाले आहे.

तंत्रिका तंत्र : अपस्माराचा झटका एकदाच आलेला असला, तरी लष्करी उड्डाणास तो कायमचा अडथळा होतो. कारण न सापडलेली बेशुद्धी, कवटीच्या हाडाच्या अस्थिभंगासह मेंदूस झालेली इजा, दृष्टी अंधुक करणारी अर्धशिशी ही इतर कारणे होत. रक्त पाहून किंवा कडक उन्हात उभे राहून एखाद्यास आलेली साधी भोवळ बहुधा निरुपद्रवी असते. तरीपण तिचा संपूर्ण इतिहास मंडळ विचारते, कारण भोवळ व झटका यांतील भेद बहुतांशी हकिगतीवरूनच करावा लागतो [⟶ अपस्मार].

कशेरुक दंड व शरीरमापे : संकटसमयी आसन-उत्क्षेपणाने बाहेर पडताना वैमानिकाच्या पाठीवर क्षणार्धात गुरुत्वाच्या पंधरा ते वीस पट भार येतो. छातीच्या खालच्या व कमरेच्या वरच्या कशेरुका यात विशेषेकरून चिरडल्या जातात. चालताना, धावताना काडीचाही त्रास न देणारा कण्याचा बाक, सरकलेली किंवा अर्धवट वाढलेली कशेरुका ही अशा वेळी जिवावर बेतू शकते. म्हणून पाठीची क्ष-किरण तपासणी आवश्यक मानतात. बसल्यावरची उंची, पायांची व मांडीची लांबी यांच्या मर्यादाही विमानाच्या कक्षावरून ठरतात. मांडी प्रमाणाबाहेर लांब असेल, तर उत्क्षेपणाच्या वेळी गुडघे पुढील फलकाच्या कडेवर आपटतात. पाय आखूड असल्यास दिशादर्शक सुकाणूचे पायदान पूर्ण दाबता येत नाही. येथे दोष शरीरात नसतो. शरीर आणि यंत्र यांची मापे जुळत नाहीत, एवढेच.

उदर व इतर : मूतखडा किंवा पित्ताश्मरी मुळीच त्रास देत नसली, तरी तिच्यामुळे येणारी कळ इतकी असह्य असते की, ती उड्डाणात उद्‌भवल्यास वैमानिक निकामी होतो. मधुमेह, दमा, पोटातील व्रण, हर्निया यांचाही विचार होतो. हर्निया, जलवृषण, अतिरिक्त वजन, दातांचे दोष हे सामान्यतः सुधारण्याजोगे असतात.

मानसिक कारणे व हवाई वमन : प्रशिक्षणाच्या पहिल्या उड्डाणांत अनेक छात्रांना मळमळ, घाम व वांती यांचा त्रास होतो. डोळे, अंतर्कर्ण व स्नायू यांच्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना परस्परांशी व पूर्वानुभवाशी जुळत नाहीत, हे त्याचे मूळ होय. बहुतेकांचा त्रास सरावाने थांबतो. ज्यांचा थांबत नाही त्यांना फिरत्या खुर्चीत क्रमाक्रमाने सवय लावण्याचे व मन शिथिल करण्याचे उपचार देतात. एके काळी निवडीसाठी वापरलेली खुर्ची आज अशा रीतीने उपचारासाठी वापरली जाते. मळमळीच्या मागे उड्डाणाची भीती दडली आहे काय, हे पाहणे अवघड असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुसेनेत उड्डाण करण्यास असमर्थ ठरलेल्या काही वैमानिकांवर ‘नैतिक धैर्याचा अभाव’ असा शिक्का मारला जाई व त्यांचे पद काढून घेतले जाई. तीव्र ताणाने आलेली विकृती आणि भ्याडपणा यांत फरक न करणारी ही पद्धत पुढे त्याज्य ठरली.

भारतातील पद्धती : भारतीय वायुसेनेची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. वैमानिकीय वैद्यकाचे शिक्षण व संशोधन यांसाठी १९५७ मध्ये बंगलोर (आता बंगळुरू) येथे सुरू झालेली संस्था आज अंतराळ वैद्यक संस्था म्हणून ओळखली जाते. मानवी अपकेंद्रक, अल्पदाब-कक्ष व दिशाभ्रम-दर्शक यंत्रे तेथे असून १९८४ च्या भारत-सोव्हिएट अंतराळ मोहिमेसाठी निवडलेल्या वैमानिकांची तपासणीही तेथेच झाली होती. उड्डाण शाखेच्या उमेदवारांची तपासणी ही संस्था आणि दिल्लीतील वायुसेना केंद्रीय वैद्यकीय आस्थापना येथे होते.

उमेदवार लेखी परीक्षा, निवड मंडळाची मुलाखत व वैमानिक कौशल्याची कसोटी या टप्प्यांतून गेल्यावर वैद्यकीय मंडळापुढे येतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमार्फत येणारे छात्र पुण्याजवळील खडकवासला येथे तीन वर्षे काढून हैदराबादजवळील डुंडिगल येथील वायुसेना अकादमीत दाखल होतात; पदवीनंतर निवडलेले उमेदवार थेट अकादमीत येतात. वायुसेनेने उमेदवारांसाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक मानकांत उड्डाण शाखेसाठी किमान उंची १६२.५ सेंमी., पायाची लांबी ९९ ते १२० सेंमी., मांडीची लांबी कमाल ६४ सेंमी. व बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६ सेंमी. अशा मर्यादा दिलेल्या आढळतात. एका डोळ्याची दृष्टी ६/६ व दुसऱ्याची ६/९ असावी लागते. ऱ्हस्वदृष्टी चालत नाही. कण्याचा बाजूचा बाक १५ अंशांपेक्षा अधिक असल्यास उमेदवार नाकारला जातो. ही मानके वेळोवेळी सुधारली जातात.

वायुसेनेत आरोग्याचा दर्जा हवाई व भूमिगत अशा दोन कर्तव्यांसाठी स्वतंत्रपणे दर्शवितात; पूर्ण पात्रतेचा संकेत ‘ए-१ जी-१’ असा आहे. दोन अंगे वेगळी ठेवल्यामुळे उड्डाणास अयोग्य ठरलेली व्यक्ती जमिनीवरील कामास पूर्णतः योग्य असू शकते, हे नोंदीतच स्पष्ट होते. नाकारलेल्या उमेदवारास कारण कळविले जाते व तो अपील वैद्यकीय मंडळाकडे दाद मागू शकतो. त्यापुढे पुनर्विलोकन मंडळाची तरतूद असली, तरी ते हक्काने मिळत नाही. प्रकरणाचे स्वरूप पाहून त्यास अनुमती दिली जाते.

मानकांतील बदल व वाद : कोणतेही मानक उपलब्ध ज्ञानापेक्षा अधिक भक्कम असू शकत नाही. या दृष्टीने अमेरिकेतील दात्रकोशिका (सिकलसेल) वाहकांचे प्रकरण लक्षणीय आहे. सु. १,२०० मी. उंचीवरील फोर्ट ब्लिस या तळावर शारीरिक श्रमांनंतर मृत्यू पावलेल्या चार नवसैनिकांत हा आनुवंशिक विशेष आढळल्याचा वृत्तांत १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. सु. २,२०० मी. उंचीवर असलेल्या वायुसेना अकादमीत अशा वाहकांना प्रवेश नाकारण्यात येऊ लागला. हे वाहक प्रत्यक्षात आजारी नव्हते व त्यांत बहुसंख्य आफ्रिकी वंशाचे होते; त्यामुळे शब्दांनी तटस्थ असलेला नियम परिणामाने वंशभेदी ठरला. प्रकरण न्यायालयात गेले व १९८१ मध्ये हे धोरण मागे घेण्यात आले. धोका मुळीच नव्हता असा याचा अर्थ नाही. तुरळक घटनांवरून संपूर्ण समूहाचे दार बंद करण्याइतका पुरावा नव्हता, हे मान्य करण्यात आले.

शरीरमापांच्या बाबतीतही असाच अनुभव आला. जुन्या विमानांचे कक्ष तरुण पुरुषांच्या मापांवरून बेतलेले असल्यामुळे किमान उंचीच्या अटीने स्त्रिया फार मोठ्या प्रमाणात वगळल्या जात. अमेरिकन वायुसेनेने २०२० मध्ये प्रवेशासाठीची सरसकट उंचीची मर्यादा काढून टाकली व प्रत्येक उमेदवाराची मापे प्रत्यक्ष विमानांशी ताडून पाहण्याचे धोरण स्वीकारले. भारतात लढाऊ विमानांच्या पहिल्या तीन स्त्री-वैमानिक जून २०१६ मध्ये वायुसेनेत अधिकारी झाल्या आणि २०२२ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही मुलींना प्रवेश मिळू लागला; त्यामुळे हा प्रश्न येथेही अर्थपूर्ण झाला आहे.

डोळ्यांच्या लेसर शस्त्रक्रियेमुळे दृष्टीचे मानक काहीसे सैल झाले. अनेक देशांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अशा शस्त्रक्रियेनंतरचे उमेदवार काही अटींवर स्वीकारण्यास प्रारंभ केला. भारतीय वायुसेनेच्या मानकांतही वयाच्या विसाव्या वर्षानंतर केलेली शस्त्रक्रिया, त्यानंतर किमान बारा महिन्यांचा निर्वेध काळ व स्वच्छमंडलाची पुरेशी जाडी अशा अटी घातलेल्या आहेत. प्रबोधिनीच्या प्रवेशाचे वय त्याआधीच संपत असल्याने या सवलतीचा लाभ पदवीनंतर येणाऱ्यांनाच होतो. अधीर होऊन सतराव्या-अठराव्या वर्षी अशी शस्त्रक्रिया करून घेणारा तरुण पुढील मार्गही स्वतःच बंद करून घेतो.

प्रशिक्षणार्थीवरील परिणाम : अपात्रतेचा आघात बहुधा सोळा ते चोवीस या वयात होतो. सातारा येथील सैनिकी शाळा (स्थापना १९६१) किंवा छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था (स्थापना १९७७) यांसारख्या संस्थांत वर्षानुवर्षे तयारी केलेल्या मुलास आपल्या रंगज्ञानात जन्मजात दोष आहे, हे अंतिम तपासणीत कळावे, ही टाळता येण्याजोगी हानी होय. रंगज्ञान, दृष्टी, ऐकू येणे व शरीरमापे यांची प्राथमिक तपासणी अल्प खर्चात व तयारीच्या आरंभीच होऊ शकते. सुधारण्याजोगे दोष त्यामुळे वेळीच दूर करता येतात व न सुधारणाऱ्या दोषांच्या बाबतीत दुसरा मार्ग निवडण्यास अवधी मिळतो.

प्रशिक्षणात दाखल झालेल्या छात्राची स्थिती अधिक नाजूक असते. वैद्याकडे गेल्यास उड्डाण थांबेल, या भीतीने कानदुखी, पाठदुखी, चक्कर अथवा मळमळ लपविण्याकडे त्याचा कल होतो. कोणी बाहेरून औषधे आणून घेतो. मळमळीवरील व सर्दीवरील अनेक औषधांनी गुंगी येते, म्हणजे मूळ त्रासापेक्षा उपाय अधिक घातक ठरतो. वैद्यालाही येथे दुहेरी भूमिका पार पाडावी लागते. तो छात्राचा चिकित्सक असतो आणि त्याच वेळी त्याच्याविरुद्ध निर्णय देऊ शकणारा परीक्षकही असतो. वैमानिकांसाठी खास वैद्य नेमून त्यांनी तुकडीतच वावरावे, प्रसंगी त्यांच्याबरोबर उड्डाण करावे, हा १९१८ मधील प्रघात आजही टिकून आहे तो या कारणाने. जेथे किरकोळ तक्रार सांगितल्याने कायमचे नुकसान होत नाही असा विश्वास असतो, तेथे तक्रारी लवकर समजतात. तात्पुरत्या अपात्रतेची सोय हा या विश्वासाचा मुख्य आधार होय.

उड्डाणास कायमचे अपात्र ठरलेल्या छात्रास वायुसेनेच्या भूमिगत शाखांत सामावून घेण्याचा मार्ग असतो. मात्र त्यासाठी त्या कामापुरते आरोग्य चांगले असावे लागते आणि जागाही उपलब्ध असावी लागते. अपघाताने जबर अपंगत्व आलेल्या छात्रांचा प्रश्न याहून बिकट आहे. छात्र हा अद्याप अधिकारी झालेला नसल्यामुळे प्रशिक्षणात जायबंदी होऊन बाहेर पडल्यास त्याला माजी सैनिकाचा दर्जा व अपंगत्व निवृत्तिवेतन मिळत नाही. केवळ सानुग्रह साहाय्य मिळते. तिन्ही सैन्यदलांतील अशा छात्रांच्या स्थितीची सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली. त्याच सुमारास केंद्र शासनाने माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेच्या सोयी त्यांना लागू केल्या.

धोका असलेल्या छात्रास विमानात बसू देणे हे त्याच्यावर, त्याच्या सहकाऱ्यांवर व जमिनीवरील लोकांवर अन्याय करणारे असते. धोका नसलेल्यास पुराव्यावाचून परत पाठविणे हाही अन्यायच. यांपैकी पहिली चूक अपघाताच्या रूपाने सर्वांना दिसते, दुसरी कोणासही दिसत नाही, कारण नाकारलेला उमेदवार कसा वैमानिक झाला असता हे पडताळून पाहण्याचे साधन नसते. मानके सावधगिरीकडे झुकलेली राहतात त्याचे हे एक कारण आहे. म्हणूनच त्यांचे ठरावीक काळाने पुनरीक्षण होणे, नाकारलेल्यास कारण कळणे व त्यास दाद मागता येणे या गोष्टींना तपासणीइतकेच महत्त्व प्राप्त झाले आहे.